बालसंस्कार वर्ग आणि आपले घर

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, तरुण मंडळाच्या उपक्रमातून लहान मुलांचे चारित्र्य कसे घडते आणि त्यात कुटुंबाचा वाटा काय. विषय मोठा आहे आणि आम्ही काही प्राध्यापक नाही. तीस वर्षे सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काढली. शाळा नववीपर्यंत. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रातपाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर आणि आंदोलनाच्या बैठकीत. त्यामुळे आम्ही बोलणार ते डोळ्यांनी पाहिलेले आणि पुस्तकात वाचून पडताळलेले, एवढेच. भाषा ओबडधोबड वाटली तर सांभाळून घ्या.

गिरणीतली एक गोष्ट आधी सांगतो. रिंग फ्रेमवर धागा सारखा तुटायला लागला की नवा कामगार त्या साच्यालाच शिव्या घालतो. जुना माणूस मागे जातो, कार्डिंगला. कापूस नीट पिंजला नसेल, कचरा राहिला असेल, तर पुढे कितीही सांधे मारा, धागा तुटणारच. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं झालं आणि बिघडलं म्हणून आपण बोंब मारतो, तेव्हा तो धागा असतो. कचरा राहिलेला असतो पाच ते दहा वर्षांच्या वयात.

आपल्या विहारात रविवारचा बालसंस्कार वर्ग सुरू झाला २०१६ साली, जूनमध्ये. तरुण मंडळाच्या पाच-सहा पोरापोरींनी तो चालवायला घेतला. पहिल्या महिन्यात पस्तीस-चाळीस मुलं. चार रविवारात त्रिसरण-पंचशील तोंडपाठ. पाहुणे आले की मुलं उभी राहून खणखणीत म्हणायची, आणि आपण टाळ्या वाजवायचो. छान वाटायचं, खोटं कशाला बोलावं.

त्या पावसाळ्यात एका रविवारी एक नऊ वर्षांचं पोरगं पाचवं शील म्हणता म्हणता मधेच थांबलं. सुरामेरय इथपर्यंत आलं आणि गप्प. ताईने विचारलं, विसरलास का रे? ते म्हणालं, "विसरलो न्हाई ताई. पर हे हितंच म्हनायचं का घरी बी म्हनायचं? घरी म्हनलं की पप्पा मारत्यात."

वर्गात कुणीच काही बोललं नाही. त्या पोराचं घर सगळ्यांना माहीत होतं. बाप कामाला चांगला, मनाचाही वाईट नाही, पण पगाराच्या दिवशी सरळ चालत घरी आला नाही कधी. आता त्या पोराला आपण काय उत्तर देणार? इथे एक तास शील आणि घरी सहा दिवस तेवीस तास दुसरंच काही, असं असेल तर मूल शील शिकत नाही. मूल शिकतं ते हे, की चांगलं बोलायची एक जागा असते आणि राहायची दुसरी. म्हणजे आपणच त्याला दुटप्पीपणा शिकवतो, तोही पाली भाषेत.

त्या रात्री तरुण मंडळाची बैठक विहाराच्या पायरीवर अकरा वाजेपर्यंत चालली. कुणी म्हणालं, बापांना बोलावून समज द्या. कुणी म्हणालं, वर्ग बंद करा, नुसता अभ्यासवर्ग घ्या, गणित-इंग्रजीचा. शेवटी एका मुलीने, ती तेव्हा बारावीत होती, मुद्दा मांडला की वर्ग इथे भरू दे, पण त्याचा गृहपाठ सबंध घराने मिळून करायचा असला पाहिजे. एकट्या मुलाला करताच येणार नाही असा गृहपाठ. आज आपल्या वर्गाची जी काही पद्धत आहे ती या एका वाक्यातून निघाली.

आता ही पद्धत नवीन आहे का? मुळीच नाही. थोडं मागे जाऊ.

मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. अंबलट्ठिका या ठिकाणी राहुल राहत होता. परंपरा सांगते की तेव्हा तो सात वर्षांचा होता, म्हणजे आपल्या दुसरीतल्या पोराएवढा. भगवान तिथे गेले. राहुलाने आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडं पाणी शिल्लक ठेवलं. मग त्या उरलेल्या पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे थोडंसं पाणी दिसतं का? जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग ते पाणी फेकून दिलं, भांडं उपडं केलं, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवलं, आणि प्रत्येक वेळी तोच मुद्दा. पुढे विचारलं, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसं काम करण्याआधी बघ, करताना बघ, केल्यावर बघ, याने मला किंवा दुसऱ्याला दुःख तर होत नाही ना.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की ना तिथे फळा होता, ना व्यासपीठ. पाय धुवायचं भांडं होतं. म्हणजे घरातली वस्तू, रोजचं काम, आणि ते काम चालू असताना झालेली बोलणी. आणि समोर जो होता तो गुरू तर होताच, बापही होता. सम्राट अशोकाने राजस्थानात बैराट इथे जो शिलालेख कोरून ठेवला, त्यात भिक्षूंनी आणि उपासक-उपासिकांनी पुन्हा पुन्हा ऐकावेत असे काही उपदेश नावाने सांगितले आहेत. त्यात राहुलाला खोटं बोलण्याविषयी केलेला उपदेश आहे. एवढ्या मोठ्या राज्याच्या सम्राटाला एका लहान पोराला सांगितलेली गोष्ट मोठ्या माणसांनी ऐकावी असं वाटलं. आमच्या मते तिथेच सगळं आलं.

आणि दूर कशाला जायचं? आपल्या शेजारच्या साताऱ्यात चला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, पहिली इंग्रजीला दाखल झालं. रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. आपल्या वर्गाची मुलं तिथे जाऊन आली आहेत. सगळे त्या नोंदीपुढे उभे राहून फोटो काढतात. काढावेत. पण त्या शाळेतून सुटल्यावर तो मुलगा ज्या घरी जात होता, त्या घराचं काय?

त्या घरात आई नव्हती. भीमाबाई १८९६ साली साताऱ्यातच गेल्या. पुढे वडील नोकरीसाठी खटाव तालुक्यात गोरेगावला. साताऱ्याच्या घरी मीराबाई आत्या, मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे, वेटिंग फॉर अ व्हिसा या आठवणीत, जी १९९० साली छापून आली. आत्या अतिशय मायाळू, पण पायांनी अधू. कुणी आधार दिल्याशिवाय तिला नीट हलताही येत नव्हतं. मोठ्या बहिणी लग्न होऊन सासरी. मग स्वयंपाक कोण करणार? ही शाळेत जाणारी चार पोरं. चपात्या जमत नव्हत्या, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायचा आणि खायचा, कारण तेवढंच सोपं होतं.

भगिनींनो, हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला होता. आपण बाबासाहेबांचा फोटो कोटात बघतो, हातात पुस्तक, बोट वर. नऊ-दहा वर्षांचं ते पोर चुलीपुढे बसून धुराने डोळे चोळतंय, अधू आत्याला हात देऊन उठवतंय, हे चित्र आपण आपल्या पोरांना कधी दाखवलं का? त्याच आठवणीत पुढे गोरेगावच्या प्रवासाची हकीकत येते. मसूर स्टेशनवर उतरलेली नव्या कपड्यातली पोरं, जात कळल्यावर पाय मागे घेणारा स्टेशनमास्तर, दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः हाकलेली बैलगाडी, आणि जवळ जेवण असून पाण्यावाचून काढलेली रात्र. ती हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पण त्या रात्री ती पोरं एकमेकांना धरून राहिली, याची तयारी त्या पुलावाच्या चुलीपुढे झाली होती असं आम्हाला वाटतं. हा आमचा अंदाज आहे, पुस्तकात तसं लिहिलेलं नाही.

आणि रामजीबाबा. लष्करातले सुभेदार, तिथल्या शाळेत मुख्याध्यापक. घरी शिस्त कडक. संध्याकाळी ठरल्या वेळी सर्वांनी एकत्र बसायचं, वडील ग्रंथ वाचणार, अभंग म्हणणार, मुलींनीही ऐकायचं. आता ते ग्रंथ कोणते होते, पुढे बाबासाहेबांनी त्यांच्याबद्दल काय मत केलं, हे आपण जाणतो. पण त्याच घरात तो मुलगा वडिलांना उलट विचारू शकत होता, की आपण हे ग्रंथ का वाचायचे? आणि बाप त्याला कारण सांगत होता. पटो न पटो, कारण सांगत होता. थोबाडीत देत नव्हता. प्रश्न विचारणारं पोर त्या घरात वाढलं ते असं.

पुढे १९०४ च्या सुमारास मंडळी मुंबईला गेली, परळच्या चाळीत एक खोली. जागा एवढीशी, की सगळे झोपले तर अभ्यासाला जागा नाही. म्हणून बाप रात्री दोन वाजेपर्यंत जागायचा, दोनला मुलाला उठवायचा आणि मग स्वतः आडवा व्हायचा. पुस्तकाला पैसे नसले तर लेकीच्या दारात जायचा. तिने दागिना काढून द्यायचा, तो गहाण पडायचा, पेन्शन आली की सुटायचा. त्या दागिना देणाऱ्या बहिणींचा फोटो कुठल्या विहारात लावलेला आम्ही पाहिला नाही. असो.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. भाऊराव पाटील. वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं घराणं. मिरज तालुक्यात दुधगावला १९१० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं. १९१९ ला काले इथे रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. १९२७ साली गांधीजी आले, त्यांच्या हातून त्या बोर्डिंगला शाहू छत्रपतींचं नाव दिलं गेलं. या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान पोरं एका पंक्तीला बसत आणि एकाच चुलीवर आळीपाळीने स्वयंपाक करत. शेतात राबत, दगड फोडत, भांडी घासत. लक्ष्मीबाई वहिनी सर्वांच्या आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं, असं आजही साताऱ्यात सांगतात. १९३० मध्ये त्या गेल्या.

या बोर्डिंगमधून मोठे मोठे लोक निघाले, त्यांची यादी आम्ही वाचत नाही. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की जातपात वाईट असं भाषण त्या पोरांना कुणी ठोकलं असेल-नसेल, पण दुसऱ्या जातीच्या पोराने थापलेली भाकरी रोज सकाळ-संध्याकाळ पोटात गेली. हात कामाला लागले, मग डोकं आपोआप वळलं.

परदेशातही बौद्ध समाजात हेच दिसतं. श्रीलंकेत रविवारच्या धम्मशाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहेत. पांढरे कपडे घालून मुलं सकाळी विहारात जातात, त्यांची परीक्षासुद्धा होते. जपानमध्ये शाळकरी मुलं आपला वर्ग आपणच झाडतात-पुसतात. आपल्याकडे शाळेत पोराच्या हातात झाडू दिला तर आपल्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारणही आहे. कोणाच्या हातात झाडू दिला जात होता हे आपण विसरलेलो नाही. म्हणून आपल्या वर्गात नियम केला, की झाडू सर्वांच्या हातात, आधी शिकवणाऱ्या दादाच्या, मग समितीच्या अध्यक्षांच्या, मग मुलांच्या. अध्यक्षसाहेब हसताहेत, पण त्यांनी झाडलंय, आम्ही साक्षीदार आहोत.

आता आपल्या वर्गात काय चालतं ते सांगतो. काही गोष्टी जमल्या, काही नाहीत.

पहिलं म्हणजे आरसा. राहुलाच्या गोष्टीवरूनच घेतलं. रात्री जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं, मोबाईल एका डब्यात, आणि जेवताना प्रत्येकाने आज आपल्या हातून कुणाला त्रास झाला का ते एका वाक्यात सांगायचं. अट अशी, की सुरुवात घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने करायची. इथेच गाडी अडली. पोरं तयार, आया तयार, बाप गप्प. एका घरी तर आजोबा म्हणाले, आम्ही काय कोर्टात उभे आहोत का? त्यांचंही बरोबर. साठ वर्षांत त्यांना असलं कुणी विचारलंच नव्हतं. त्याच आजोबांनी तीन महिन्यांनी सुनेला सर्वांसमोर सांगितलं, की काल भाजीवरून मी तुला टाकून बोललो ते नको होतं. ती सून आमच्या पत्नीकडे येऊन रडली. नातवाने ते ऐकलं. त्या पोराला पहिलं-दुसरं शील समजावायला आम्हाला आता काही कष्ट पडत नाहीत.

दुसरं, घरखर्चाचा कागद. चौथीच्या पुढच्या मुलांनी आई-वडिलांबरोबर बसून आठवड्याचा खर्च लिहायचा. किराणा किती, दूध किती, रिचार्ज किती, आणि तंबाखू-दारू किती, तेही. गणित सुधारतं म्हणून आम्ही घरोघर हे पटवलं. गणित सुधारलंच, पण दुसरंही घडलं. एका दहा वर्षांच्या मुलीने तो कागद वडिलांपुढे धरला आणि विचारलं, पप्पा, तुमचा आकडा माझ्या वह्यांच्या आकड्याच्या सहापट कसा? ओरडून नाही, गणिताची शंका विचारावी तसं. ते गृहस्थ आज इथे बसलेले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच हे सांगतोय. त्यांची तंबाखू सुटली नाही, पण निम्म्यावर आली.

तिसरं, भांडी. मुलगा असो की मुलगी, आपलं ताट आपण घासायचं. याला सर्वांत जास्त विरोध कुणी केला असेल? आमच्या आज्ज्यांनी आणि काकूंनी. "पोराला भांडी घासायला लावता, उद्या लुगडं नेसवाल." आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या पुलावाची गोष्ट सांगितली. बाबासाहेब चुलीपुढे बसले तर तुमचा नातू मोरीत का बसू नये? यावर एक आज्जी म्हणाल्या, "मग घासू दे, पर तव्याला हात लावू देऊ नका, त्यो मोडतोय." तडजोड मान्य झाली.

चौथं, आज्जीची मुलाखत. मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून जुन्या गोष्टी विचारायच्या आणि लिहून आणायच्या. १९५६ चं धर्मांतर, गावकी कशी सोडली, देव घराबाहेर कसे काढले, पाणवठा कुठला होता. स्वतः डोळ्यांनी पाहिलेले आता फार थोडे उरले, बहुतेक जण आपल्या आईबापाकडून ऐकलेलं सांगतात. तरी वह्या भरल्या. या स्मरणिकेत त्यातली काही पानं छापावीत अशी आमची समितीला विनंती आहे. पोरं पंचशील पाठ करतात, पण ते आपल्या घरात कशाच्या बदल्यात आलं हे कळलं की त्यांची म्हणायची तऱ्हाच बदलते.

अंधश्रद्धेचा विषयही घरातच निघतो. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीतून गावोगाव हेच काम केलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. चमत्कारामागचं कारण मुलांना हाताने करून दाखवायचं, ही त्यांच्या चळवळीची रीत आपल्या वर्गाने उचलली. पण वर्गात मंत्राने पेटणाऱ्या अग्नीमागचं रसायन दाखवायचं आणि घरी दारावर लिंबू-मिरची, असं किती घरांत आहे हे आम्ही आज मोजत नाही. पोरं मोजतात. त्यांनी यादी केली आहे. फक्त दाखवत नाहीत.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सगळ्यांना आठवतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पंचेचाळीस फुटांना धोका म्हणतात, तिथे सत्तावन्न. माणसं शाळांतून, कार्यालयांतून राहिली. आपलं विहार उंचावर, म्हणून इथे चूल पेटली. गावोगावच्या बायांनी थापलेल्या भाकऱ्यांची गाठोडी टेम्पोने येत होती. त्या आठ दिवसांत वर्गातली मुलं काय करत होती? भाकऱ्या मोजत होती, पाणी देत होती, आपल्या आयांच्या हाताखाली कांदा चिरत होती. एका रात्री उशिरा एक म्हातारं जोडपं आलं, आपल्या समाजाचं नव्हतं. दारात घुटमळत होतं, विहारात जेवावं की नाही. वर्गातल्या एका आठ वर्षांच्या मुलीने म्हाताऱ्या बाईचा हात धरला आणि म्हणाली, "आज्जी, इथं चप्पल काढा आणि या. भाकरी गरम हाय." बाई आत आली. तिला धरून आणणाऱ्या मुलीला मैत्री-करुणा हे शब्द तेव्हा लिहिता येत नव्हते.

पाचवीचा शब्द पोरांना येतो की नाही याची काळजी करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं. आम्ही अभ्यासाच्या विरुद्ध नाही. अभ्यासवर्गही चालतो, मोठ्या मुलांची एमपीएससीची पुस्तकं कपाटात आहेत. पण काही पालक येऊन म्हणतात, अण्णा, संस्कार वगैरे राहू दे, तेवढ्या वेळात दोन धडे होतील. त्यांना आमचा एकच प्रश्न असतो. शिकून साहेब झालेला, बंगला बांधून वस्तीकडे पाठ फिरवलेला, आईबापाला वर्षातून एकदा फोन करणारा माणूस तुम्ही पाहिला नाही का? त्याचेही दोन धडे झालेच होते.

आणि तरुणांना एक कडू गोळी. जयंतीला भिंती हलतील असा डीजे आणायला वर्गणी दोन दिवसांत जमते. मुलांच्या कपाटासाठी सहा महिने फिरावं लागलं. ज्या बाबासाहेबांनी दिव्याखाली रात्री दोनला अभ्यास केला, त्यांच्या नावाने रात्री दोनपर्यंत आवाज करायचा आणि शेजारच्या खोलीतलं दहावीचं पोर कानात बोळे घालून बसवायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं? यावर मंडळात भांडण झालं, दोन पोरं रुसून गेली. एक परत आला, एक अजून आलेला नाही. आला तर त्याची जागा आहे. त्याच्यासारखं लेझीम शिकवणारं दुसरं कुणी नाही, हेही खरं.

आता त्या पाचव्या शीलाच्या पोराचं काय झालं, असं कुणाच्या मनात आलं असेल. ते पोरगं आता मोठं झालं, कॉलेजला जातं, रविवारी लहानांना शिकवायला येतं. बाप पूर्ण सुटला का? नाही. आमच्याच्यानं ते झालं नाही. मात्र वर्षावासातल्या ग्रंथवाचनाची पाळी पहिल्यांदा त्यांच्या घरी आली, त्या सात दिवसांत त्याने थेंब घेतला नाही. माणसं घरी येणार, पोरगा वाचणार, बायकोने घर सारवल्यासारखं लख्ख केलेलं. सातव्या दिवशी तो स्वतः येऊन दाराशी बसला. त्याला वाचता कमी येतं, म्हणून पोरगा त्याच्या शेजारी बसून सावकाश वाचत होता. प्रकरण होतं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधल्या गृहस्थांच्या विनयाचं, मुलांनी आईबापाशी आणि आईबापांनी मुलांशी कसं वागावं. मुलांनी काय करावं हे आपण सगळे मोठ्याने वाचतो. आईबापाची कर्तव्यं आली की आवाज खाली जातो. त्या दिवशी त्या पोराचा आवाज खाली गेला नाही. मुलाला वाईटापासून आवरावं, चांगल्याकडे न्यावं, हुन्नर शिकवावा, वेळेवर त्याचं त्याच्या हाती द्यावं. बापाने ऐकलं. नंतर आठ-दहा दिवसांनी पुन्हा प्याला. पण तेव्हापासून दरवर्षी वर्षावासात पहिली पाळी आपल्याच घरी लावा म्हणून तोच मागे लागतो. वर्षातले ते दिवस तरी त्या घराला मिळतात. आम्ही ते लहान समजत नाही.

यंदाच्या वर्षावासाची घरांची यादी महिला मंडळाच्या आक्कांकडे आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, एका घरी सात दिवस, संध्याकाळी आठ वाजता. अजून चार आठवडे मोकळे आहेत. ज्यांच्या घरी जागा लहान आहे त्यांनी लाजू नये, अंगणात सतरंजी घालू, सतरंज्या विहारातून मिळतील. चहा ठेवू नका, खर्च वाढतो आणि मग गरीब घरं पाळी घेत नाहीत. वाचन घरातल्या मुलाने किंवा मुलीने करायचं, अडलं तर तरुण मंडळाचा एकजण शेजारी बसेल. आणि घरच्या कर्त्या पुरुषाने त्या तासाला घरी असायचं, रातपाळी असेल तर पाळी बदलून घ्यायची. गिरणीत पाळी बदलून मिळते, आम्ही तीस वर्षे बदलून घेतली आहे. नावं आजच, कार्यक्रम संपल्यावर, जेवणाच्या पंगतीआधी आक्कांकडे द्यावीत.

जयभीम. नमो बुद्धाय.